कमिटी इज की कमिटी आर?

तर झालं असं की, मागच्या सेमिस्टरला मी हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक नोटीस लावली. मेस कमिटीचा सेक्रेटरी म्हणून माझी ती पहिलीच नोटीस. (हे पद मला कसं मिळालं ते विचारू नका. मीटिंगला उशिरा पोचलो, एवढंच सांगतो.) नोटीस इंग्रजीत लिहिली, कारण मराठीत लिहिलेली नोटीस आपल्याकडे कोणी सिरियसली घेत नाही. पहिलंच वाक्य होतं, 'द मेस कमिटी हॅव डिसायडेड टु क्लोज द मेस ऑन संडे नाइट्स.'

संध्याकाळी जेवायला जाताना बघतो तर 'हॅव'वर लाल पेनाने भली मोठी काट, वर ठळक अक्षरात 'हॅज' आणि खाली शेरा : 'फर्स्ट लर्न इंग्लिश, देन रन द मेस!' शेऱ्याखाली आणखी दोघातिघांनी हसरे चेहरे काढलेले.

खरं सांगतो, लागलं. कारण ही जखम जुनी आहे. मी बारावीपर्यंत मराठी माध्यमातला. फर्स्ट इयरला कम्युनिकेशन स्किल्सच्या पहिल्याच लेक्चरला इंट्रोडक्शन द्यायची होती. रात्रभर पाठ करून गेलो आणि उभं राहून म्हणालो, 'माय फादर आर फार्मर.' सगळा वर्ग हसला. मॅडमनी चूक सुधारली, पण मी असं का म्हणालो ते कोणी विचारलं नाही. अहो, आमच्या घरात 'वडील शेतात गेला' असं म्हटलं तर जेवायला मिळणार नाही! वडील 'गेले', वडील 'आहेत'. माणूस एक, क्रियापद अनेकवचनी. हा आपल्याकडचा आदर. तो मी जसाच्या तसा इंग्रजीत नेला आणि तिथे त्याला थारा नव्हता.

त्यामुळे आता 'हॅव'वरची काट बघून वाटलं, परत तेच. दोन वर्षं इंजिनिअरिंग झालं तरी आपलं 'आर' काही सुटत नाही. पण यावेळी मी गप्प बसायचं नाही असं ठरवलं. लायब्ररीत गेलो आणि रेन अँड मार्टिनचं व्याकरण काढलं. (यातले पी. सी. रेन एकेकाळी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि १९२४ साली त्यांची 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरिन लीजनवरची कादंबरी गाजली, ही माहिती जाता जाता.) समूहवाचक नामाचा नियम वाचला आणि डोळे मोठे झाले. समूह एक म्हणून डोळ्यासमोर असेल तर क्रियापद एकवचनी, त्यातली माणसं डोळ्यासमोर असतील तर अनेकवचनी. म्हणजे माझं 'हॅव' चूक नव्हतंच! लाल पेनवाल्याचं 'हॅज' बरोबर होतं, आणि माझं 'हॅव'ही.

मग प्रश्न पडला की हे 'हॅव' मला आलं कुठून? रेन अँड मार्टिन तर मी शाळेत कधी धड उघडलं नव्हतं. उत्तर रूममेटच्या मोबाईलवर सापडलं. २ एप्रिल २०११, वानखेडे स्टेडियम. आपल्यापैकी बहुतेकांनी ती क्लिप निदान पन्नास वेळा बघितली असेल. कुलशेखराला धोनीचा सिक्स आणि रवि शास्त्रींचा आवाज. आता पुन्हा कान देऊन ऐका. धोनीसाठी शास्त्री म्हणतात 'फिनिशेस', आणि लगेच पुढे 'इंडिया लिफ्ट द वर्ल्ड कप'. 'लिफ्ट्स' नाही, 'लिफ्ट'! धोनी एकटा, म्हणून त्याला 'एस' लागला. इंडिया म्हणजे अकरा जण, म्हणून 'एस' गेला. त्या क्षणी कोणीही व्याकरणाचा विचार करत नव्हतं, आणि तरी व्याकरण बरोबर होतं. माझं इंग्रजी वर्गापेक्षा कॉमेंट्रीवर जास्त वाढलं. 'इंडिया आर', 'ऑस्ट्रेलिया हॅव वन द टॉस' हे ऐकत ऐकत ते 'हॅव' माझ्या नोटिशीत येऊन बसलं.

खात्री करायची असेल तर उद्या रीडिंग रूममध्ये इंग्रजी पेपर उघडा. शेवटच्या पानावर मॅच जिंकलेली 'इंडिया' बहुतेक वेळा अनेकवचनी असते. पहिल्या पानावर करार करणारी 'इंडिया' मात्र एकवचनी. नाव तेच, पेपर तोच. मैदानावर अकरा खेळाडू दिसतात, करारावर देशाची एकच सही असते.

यात देशादेशांचा फरकही आहे. ब्रिटिश लोक 'टीम', 'फॅमिली', 'गव्हर्नमेंट', 'स्टाफ' यांना दोन्ही क्रियापदं लावतात. अमेरिकन मात्र सहसा 'इज'वरच ठाम. म्हणून कॉम्प्युटरमध्ये भाषा अमेरिकन इंग्लिश ठेवून 'द टीम आर' टाइप केलं, तर त्याखाली रेघ उमटू शकते आणि आपण मुकाट्याने ते बदलून टाकतो. बदलण्याआधी एवढं लक्षात ठेवा की ती रेघ सगळ्या इंग्रजीची नाही, एका देशाच्या सवयीची आहे.

आणि त्या देशाची तरी सवय पहिल्यापासून तीच होती का? अमेरिकेची घटना १७८७ मध्ये लिहिली गेली. तिच्या देशद्रोहाच्या कलमात 'युनायटेड स्टेट्स'साठी सर्वनाम आहे 'देम'. म्हणजे 'त्यांच्याविरुद्ध' युद्ध पुकारणं. १८६५ साली गुलामगिरी बंद करणारी तेरावी दुरुस्ती झाली, तिथेही 'देअर' आहे. आज मात्र कुठलाही अमेरिकन 'द युनायटेड स्टेट्स इज' असंच म्हणेल. हा बदल एका दिवसात झाला नाही, हळूहळू झाला. पण 'आपण पुष्कळ राज्यं आहोत की एक देश आहोत' हा केवढा मोठा प्रश्न त्या एवढ्याशा क्रियापदात बसलाय, बघा.

कोणी म्हणेल, या नसत्या उठाठेवी. अर्थ तर कळतो ना? कळतो, पण कधीकधी वेगवेगळा कळतो. आपल्या कबड्डी टीमचं उदाहरण घ्या. 'द टीम इज बिग' म्हटलं तर टीममध्ये माणसं पुष्कळ. ब्रिटिश पद्धतीने 'द टीम आर बिग' म्हटलं तर गडी अंगाने दांडगे. आपल्या टीमला यातलं कुठलं वाक्य लागू पडतं ते सांगायची गरज नाही!

काही शब्दांना मात्र असा पर्याय नाही. 'पोलीस' इंग्रजीत कायम अनेकवचनी : 'द पोलीस आर कमिंग'. याउलट 'न्यूज' आणि 'मॅथेमॅटिक्स' यांच्या शेवटी 'एस' असूनही ते एकवचनी. (एम-थ्री मात्र तीन सेमिस्टर चिकटून राहतं, म्हणून ते मनाने अनेकवचनी.) आणि प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी 'डेटा' सांभाळा. तो खरं तर समूहवाचक नाम नाही, लॅटिन 'डेटम'चं अनेकवचन आहे. कॉम्प्युटरवाले सर्रास 'डेटा इज' म्हणतात आणि तेही आता रुळलंय. पण आयईईईच्या कॉन्फरन्स पेपरच्या टेम्प्लेटमध्ये नेहमीच्या चुकांची यादी आहे, त्यात 'डेटा' अनेकवचनी आहे असं सरळ लिहिलंय. पेपर पाठवायचा असेल तर तिथे 'डेटा आर' लिहून मोकळं व्हावं.

आता वाटेल, इंग्रजी म्हणजे भलतीच विचित्र भाषा. पण मराठी काय कमी आहे? 'मंडळी' हा आपला शब्द घ्या. 'सगळी मंडळी आली, जेवायला बसली.' वीस माणसं असली तरी क्रियापद एकवचनी. पण त्याच वीस जणांकडे वळून बोलायचं झालं की 'काय मंडळी, जेवलात का?' लगेच अनेकवचन! लांबून पाहिलं तेव्हा घोळका एक होता, तोंडासमोर आला तेव्हा माणसं झाली. 'सरकार' बघा. 'सरकार आलं' म्हणजे निवडणूक झाली, 'सरकार आले' म्हणजे वाड्याचे मालक आले. आणि जुने लोक तर बायकोबद्दल बोलताना 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' म्हणायचे. एका माणसाला अख्खा समूहवाचक शब्द! तेव्हा एक आणि अनेक यांच्यामधला हा खेळ आपल्याला नवा नाही. फक्त आपला खेळ आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याचा दिसतो.

इथपर्यंतचं सगळं मी लाल पेनवाल्याला उत्तर द्यायचं म्हणून शोधलं. बोर्डावर दोन पानी उत्तर चिकटवायचं, असा बेतही होता. पण तेवढ्यात जे झालं त्यामुळे तो राहिला, आणि हा लेख खरं तर त्यासाठी लिहितोय.

रविवारी रात्री मेस बंद ठेवायचा निर्णय झाला त्या मीटिंगला आम्ही सात जण होतो. बाजू अशी होती की आचाऱ्यांना आठवड्यातून एक रात्र सुट्टी मिळेल, महिन्याचं बिल थोडं कमी होईल आणि तसेही निम्मे लोक रविवारी बाहेरच खातात. बाजू खोटी नव्हती. पण उरलेल्या निम्म्यांचं काय? बिलात वाचणार महिन्याला दीडशे-पावणेदोनशे रुपये. बाहेर एका वेळी कितीही काटकसर केली तरी शंभर जातात, म्हणजे महिन्याला चारशे. ज्याला घरून मोजके पैसे येतात त्याला हे गणित कॅल्क्युलेटर न घेता कळतं. मत घेतलं. चार बाजूने, तीन विरुद्ध. मी त्या तिघांत होतो. आणि नोटीस लिहिणाराही मीच होतो.

लाल पेनानंतर मी नोटीस सुधारून परत लावली होती. वाद नको म्हणून 'हॅज' केलं. पोरांचा आरडाओरडा सुरू झाला तेव्हा ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, 'मी काय करू, कमिटीने ठरवलंय.' बाजूने मत देणारे चौघंही हेच सांगत होते आणि आम्ही तिघंही. मी स्वतः निदान दहा जणांना हे वाक्य ऐकवलं. फार सोयीचं वाक्य आहे ते.

दुसऱ्या रविवारी रात्री फर्स्ट इयरचा एक मुलगा माझ्या रूमवर आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, 'दादा, एक विचारू? कमिटी म्हणजे नक्की कोण? कोणाला सांगायचं असतं?' दोन्ही रविवार त्याने बिस्किटाच्या पुड्यावर काढले होते. तक्रार करायला आला नव्हता, बिचारा पत्ता विचारायला आला होता. आणि माझ्याकडे द्यायला पत्ता नव्हता. 'कमिटी इज' एवढंच होतं. तिला चेहरा नाही, रूम नंबर नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते पहिलं 'हॅव' नुसतं बरोबर नव्हतं, तेच खरं होतं. आम्ही एक नव्हतो. चार आणि तीन होतो. 'हॅज' लिहिल्याबरोबर ते तीन गायब झाले, आणि चार सुद्धा गायब झाले.

सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांसाठी एक उदाहरण. ४ मीटरचा सिंपली सपोर्टेड बीम घ्या आणि त्यावर सगळीकडे सारखा पसरलेला ८ किलोन्यूटनचा लोड, म्हणजे आपला यूडीएल. रिअॅक्शन्स काढताना आपण तो सगळा लोड मधोमध एका बिंदूवर ठेवतो. दोन्हीकडे ४-४ किलोन्यूटन, उत्तर अगदी बरोबर. पण तोच एका बिंदूचा लोड घेऊन बेंडिंग मोमेंट काढली तर मध्यावर येते ८ किलोन्यूटन-मीटर. खरी असते ४. दुप्पट चूक! बाहेरच्या टेकूंना पसरलेला लोड आणि एकवटलेला लोड यातला फरक कळत नाही. बीमच्या आत मात्र सगळं चित्र बदलतं. समूहाचंही तेच आहे. बाहेरून हिशेब करायला 'इज' चालतं. आत कोणावर किती भार पडतोय हे बघायचं असेल तर 'आर' करूनच बघावं लागतं.

हॉस्टेलला याची आणखीही उदाहरणं आहेत. बाथरूमचा नळ तुटला की 'सेकंड फ्लोअर इज फाइन्ड'. नळ तोडणारा एक, दंड चाळीस जणांना. त्यात आठवडाभर गावी गेलेलाही आला. मजला ही काही नळ तोडणारी वस्तू नाही, पण वाक्यात कर्ता म्हणून मजला बसवला की कोणाला शोधायचा त्रास उरत नाही. उलट बाजूही सांगतो. गॅदरिंगला नाटकाचा पहिला नंबर आला की 'आवर ब्रँच हॅज वन'. त्यात पडदा ओढणारा आणि तीन रात्री सेट रंगवणारा कुठे असतो?

हे सगळं मी आमच्या एका सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'पण प्रत्येक ठरावाखाली कोण कुठल्या बाजूने होतं हे लिहायला लागलास तर उद्या कोणी कमिटीवर येणार नाही. आणि एकदा ठरल्यावर हरलेल्या तिघांनी बाहेर वेगळं बोलायचं, तर कमिटी कशाला हवी?' यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. नंतर राज्यघटना काढून बघितली. कलम ७५(३) म्हणतं, मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. आत कितीही भांडा, बाहेर एक. पटत नसेल तर राजीनामा द्या. म्हणजे 'इज'लाही मोल आहे. सात तोंडांनी बोलणारी कमिटी काही कामाची नाही, हे मला मान्य.

पण त्याच कलमातला दुसरा शब्द बघा. सामूहिक 'जबाबदार'. सामूहिक म्हणजे सगळे जबाबदार. कोणीच जबाबदार नाही असा त्याचा अर्थ नाही. आपण 'कमिटीने ठरवलंय' म्हणतो तेव्हा बरोबर उलटं करतो. सगळे मिळून अंग काढून घेतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच : निर्णय सांगताना खुशाल 'इज' म्हणा, पण निर्णयाबद्दल कोणी विचारायला आलं की 'आर' व्हा. मंडळी लांबून एक दिसली तरी चालेल, समोर आल्यावर 'जेवलात का' विचारणारी माणसं असली पाहिजेत.

आम्ही काय केलं ते सांगतो. पुढच्या मीटिंगला तो विषय परत घेतला. मी त्या मुलाचं नाव न घेता बिस्किटाची गोष्ट सांगितली. चौघांपैकी दोघांना खरंच कल्पना नव्हती. ते काही दुष्ट नव्हते हो, रविवारी रात्री ते हॉस्टेलवर नसायचे, एवढंच. मग ठरलं की शनिवारपर्यंत जे नाव देतील त्यांच्यासाठी रविवारी खिचडी-कढी करायची आणि आचाऱ्यांनी पाळीपाळीने सुट्टी घ्यायची. पहिल्या रविवारी सत्तावीस नावं आली. त्यात रोज बाहेर खाणारेही होते, पण ते जाऊ द्या.

नवीन नोटीस मीच लिहिली. 'द मेस कमिटी हॅज डिसायडेड...' हो, 'हॅज'च. कारण यावेळी आम्ही सातही जण एकमताने होतो. मात्र खाली सातही जणांची नावं आणि रूम नंबर टाकले. लाल पेन परत फिरकलं नाही.

त्या लाल पेनवाल्या मित्राला (कोण ते मला माहीत आहे, अक्षर ओळखतो मी!) या निमित्ताने तीन गोष्टी सांगतो. एक, परीक्षेत आणि कॅम्पस इंटरव्ह्यूला 'टीम इज' म्हण, कोणी अडवणार नाही, मीही तेच करणार आहे. दोन, जे काही वापरशील ते एका लिखाणात शेवटपर्यंत तेच ठेव. सुरुवातीला 'कमिटी हॅज' आणि पुढे त्याच कमिटीला 'देअर रिपोर्ट' असं केलंस तर इंग्रजीचे कडक मास्तर नाक मुरडतील. आणि तीन, दुसऱ्याच्या वाक्यावर काट मारण्याआधी एकदा विचारत जा, बाबा, तू असं का लिहिलंस? चूक असेल तर तो सुधारेल. नसेल तर तुला काहीतरी नवीन कळेल.

'माय फादर आर फार्मर' ही चूकच होती, ती मी कबूल करतो. आता मी इंग्रजीत 'माय फादर इज अ फार्मर' असं न अडखळता म्हणतो. पण फोनवर आईला मात्र अजून 'वडील आहेत का घरी?' असंच विचारतो, आणि तिथे कोणाचं लाल पेन चालणार नाही.

असो. लिहिता लिहिता साडेआठ वाजले, आणि आज रविवार आहे. खिचडी गरम आहे तोवर... चला मंडळी, उठा!